महाडच्या खोऱ्यात विमानांचे बोलणे

वैमानिक आणि जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक यांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. गाण्यांचा एफएम पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्याच्या डोक्यावर १०८ ते ११८ हा भाग विमानांना दिशा दाखवणाऱ्या संकेतांसाठी राखलेला, आणि त्याच्या वर हा बोलण्याचा पट्टा. २५ किलोहर्ट्झच्या अंतराने त्यात ७६० वाहिन्या बसतात. घरातला एफएम रेडिओ ओढूनताणून इथवर आणला तरी त्यातून नीट बोलणे ऐकू येणार नाही, कारण विमाने एफएम वापरत नाहीत. ती वापरतात एएम, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींची जुनी पद्धत. हा जुनेपणा मुद्दाम जपला आहे. एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस आवाज दुबळ्याला पुरता गिळून टाकतो. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, वर शिट्टी वाजते, आणि आणखी कोणीतरी बोलत होते एवढे तरी नियंत्रकाला कळते. आणीबाणीतल्या वैमानिकाचा क्षीण आवाज दडपला जाऊ नये, हा त्यातला मोठा फायदा.

हे बोलणे ऐकायला हातात मावणारा हवाई रेडिओ निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो रेडिओच्या ताकदीचा. महाड आणि पोलादपूरसाठी तो प्रश्नच चुकीचा आहे. या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात; डोंगराला वळसा घालण्याची किंवा वातावरणाच्या वरच्या थरावरून उलटून येण्याची त्यांना सवय नाही. विमान कितीही लांब असो, रेडिओच्या एरियलला ते ‘दिसत’ असेल तर ऐकू येते, नसेल तर नाही. प्रवासी विमानाचा प्रक्षेपक जेमतेम २५ वॅटचा, म्हणजे जुन्या छोट्या बल्बाएवढा असतो. मोकळ्या आभाळात तेवढ्यावर शेकडो किलोमीटर सहज पार पडतात.

याचा हिशेब सोपा आहे. उंचीच्या मीटरमधल्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ३५ हजार फुटांवरचे, म्हणजे सुमारे १०,७०० मीटरवरचे विमान सपाट मुलखात सव्वाचारशे किलोमीटरवरून ऐकू यावे. पण पोलादपूरच्या बाजारात उभे राहून पूर्वेला पाहिले तर प्रतापगड सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटरवर आहे आणि त्याची उंची हजार मीटरच्या वर. म्हणजे त्या बाजूचे आभाळ क्षितिजापासून सुमारे ५ अंशांपर्यंत डोंगराने झाकलेले. हे ५ अंश किरकोळ वाटतात; हात लांब करून तीन बोटे आडवी धरली की साधारण तेवढेच झाकले जाते. पण त्या तीन बोटांनी सव्वाचारशे किलोमीटरचे सव्वाशेच्याही आत आणून ठेवले. महाडला सह्याद्रीची भिंत जरा लांब, सुमारे ३ अंशांची धरली, तरी त्या दिशेने पावणेदोनशेच्या आसपासच मजल जाते. महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर, तेव्हा गावाची स्वतःची उंची मदतीला येण्याचा प्रश्नच नाही. पश्चिमेकडे डोंगर बुटके, म्हणून समुद्राच्या बाजूचे आभाळ जास्त उघडे.

हीच भिंत जमिनीवरची केंद्रे जवळपास पूर्ण गायब करते. महाडपासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, नवी मुंबईचा सुमारे १०७ आणि मुंबईचा सव्वाशे. नवी मुंबईचा विमानतळ तर रायगड जिल्ह्यातलाच; त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पण जिल्हा एक असला म्हणून तिथल्या मनोऱ्याचा आवाज महाडला पोहोचत नाही. रायगड किल्ल्याच्या माथ्यावर, ८२० मीटरवर, रेडिओचे क्षितिज ११८ किलोमीटरपर्यंत सरकते आणि मुंबई विमानतळ तिथून ११२ किलोमीटरवर. कागदावर काठावर जमते खरे, पण पेण-कर्नाळ्याकडचे डोंगर मध्ये आले की तेही बिघडते. शहराच्या नावावरून वाहिनी निवडून तासभर कान लावून बसणाऱ्याला खोऱ्यात शांतताच मिळते, आणि बिचाऱ्या रेडिओला नावे ठेवली जातात.

त्या बदल्यात या खोऱ्याला एक गोष्ट चांगली मिळाली आहे, ती म्हणजे जागा. नकाशावर मुंबई ते गोवा सरळ रेघ मारली तर ती महाडच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवरून जाते आणि मुंबई ते बंगळूर रेघ पूर्वेला जवळपास तेवढ्याच अंतरावरून. प्रत्यक्ष हवाई मार्ग अशा रेघांवर काटेकोर चालत नाहीत, पण दक्षिणेची वर्दळ कुठून जाते याचा अंदाज त्यातून येतो. शिवाय मोठे विमान उतरायला सुरुवात करते ते मुक्कामाच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधी. म्हणजे दक्षिणेकडून मुंबईला निघालेले विमान महाडच्या आसपास येते तेव्हा ते वीस-बावीस हजार फुटांवर, उतरणीला लागलेले असते. सरळ उडणारे विमान फारसे बोलत नाही. उतरणाऱ्याला मात्र उंची, वेग, दिशा आणि पुढची वाहिनी या सूचना एकामागून एक मिळत राहतात.

नियंत्रक ऐकू येत नाही तरी फारसे बिघडत नाही. नियंत्रकाने दिलेली उंची, दिशा, वेग, धावपट्टी हे सगळे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे अर्धेच संभाषण ऐकूनही पूर्ण कळते. ‘डिसेंडिंग लेव्हल वन नाइनर झिरो’ असे ऐकले की १९,००० फुटांपर्यंत उतरायला सांगितले, हे लक्षात येते. इंग्रजीतला नऊ इथे ‘नाइनर’ होतो, म्हणजे तो पाचाशी गोंधळत नाही. इंडिगोची विमाने स्वतःला ‘आयफ्लाय’ म्हणवतात. तिकिटावरचे नाव शोधत बसणाऱ्याला ती कधीच सापडत नाहीत. सगळ्यात उपयोगी क्षण वैमानिक निरोप घेतानाचा. पुढच्या वाहिनीचा आकडा तो मोठ्याने परत म्हणतो. कागदावर तो आकडा टिपायचा, रेडिओत भरायचा आणि त्याच विमानाला पुढच्या वाहिनीवर गाठायचे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिकी माहितीपुस्तिकेत वाहिन्यांची अधिकृत यादी असते, पण महाडला त्यातल्या कोणत्या खरोखर लागतात हे या टिपणांवरूनच ठरते.

बाजारात हवाई पट्ट्याचे हातातले संच साधारण तीन घराण्यांचे. पहिले वैमानिकांचे संच: आयकॉमचा आयसी-ए२५एन, येसूचा एफटीए-५५० असे. ऐकण्याबरोबर बोलण्याचीही सोय, मजबूत बांधणी, एएमसाठी घडवलेला ग्राहक भाग. दुसरे स्कॅनर, उदाहरणार्थ युनिडेनचा बीसी१२५एटी. हा फक्त ऐकतो, पाचशे वाहिन्या लक्षात ठेवतो आणि त्या भराभर चाळत राहतो. तिसरे शॉर्टवेव्हचे प्रवासी रेडिओ, ज्यांत हवाई पट्टा जोडीला दिलेला असतो: टेकसनचा पीएल-६६० किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८.

पहिल्या घराण्याचा मोह आवरलेला बरा. नुसते ऐकणाऱ्याला प्रक्षेपकाचा उपयोग शून्य. उलट खिशात चुकून बटण दाबले गेले तर वाहिनी अडते, आणि ती वाहिनी कोणाच्या तरी उतरण्याची असते. हौशी हॅम परवान्यावरही या पट्ट्यात बोलता येत नाही. त्याहून फसवी वस्तू म्हणजे स्वस्तातली चिनी वॉकी-टॉकी. बाओफेंगचा मूळचा यूव्ही-५आर हवाई पट्ट्यातले एएम ऐकूच शकत नाही. मात्र त्याचा पट्टा १३६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे हवाई पट्ट्याच्या वरच्या टोकावर तो बोलून अडथळा आणू शकतो.

कायद्याचा भाग थोडक्यात पण टाळता न येणारा. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून भारतात रेडिओ उपकरण बाळगणे परवान्याच्या कक्षेत आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही अशा उपकरणांसाठी अधिकृततेची तरतूद आहे. बेकायदा संदेश पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. विमानांचे बोलणे हे आकाशवाणीसारखे सर्वांसाठीचे प्रक्षेपण नव्हे. ऑनलाइन दुकानांतून विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणून पैसे मोजण्याआधी संचाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता आहे का आणि आपल्याला परवाना लागतो का, हे लेखी विचारून घ्यावे. ऐकलेले ध्वनिमुद्रित करून पसरवणे तर वेगळाच पेच ओढवून घेणे.

उरलेल्या दोन घराण्यांत फरक पडतो तो एका गोष्टीने, जी खोक्यावर क्वचितच छापलेली असते. रेडिओ आलेली लहर आधी एका ठरावीक, बहुधा १०.७ मेगाहर्ट्झच्या, मधल्या पायरीवर उतरवतो आणि मग ऐकवतो. या रचनेत ऐकायच्या आकड्यापासून २१.४ मेगाहर्ट्झ अंतरावरची दुसरी लहरही त्याच पायरीवर उतरते. चांगला रेडिओ तिला आधीच गाळून टाकतो, साधा टाकत नाही. ९८.३ वरचे एफएम केंद्र मग ११९.७ वर उमटते आणि धावपट्टीऐवजी चित्रपटगीत ऐकू येते. ताडून पाहायला सोपे: हवाई पट्ट्यात गाणे सापडले तर आकड्यातून २१.४ वजा करायचे. त्या जागी एफएम केंद्र निघाले की दोष आभाळाचा नाही, रेडिओचा.

दुसरी गोष्ट स्क्वेल्च. कोणी बोलत नसताना एएमचा खरखराट सतत येतो. स्क्वेल्च तो बंद ठेवते आणि लहर आली की कवाड उघडते. खोऱ्यात आवाज दुबळे, म्हणून हे कवाड अगदी हलक्या धक्क्याने उघडणारे हवे आणि त्याची पातळी बारीक बदलता यायला हवी. महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ किंवा स्वस्त एलईडी दिव्यांखाली खरखराट वाढतो. तिथे स्क्वेल्च वर चढवावे लागते आणि लांबची विमाने हातची जातात. तिसरी गोष्ट चाळण्याचा वेग. वैमानिकाचे वाक्य तीन-चार सेकंदांत संपते. प्रवासी रेडिओ पट्टा चाळून तिथवर पोहोचेपर्यंत वाक्य उरकलेले असते. स्कॅनर इथे सरळ बाजी मारतो. आकड्यांची ८.३३ किलोहर्ट्झची बारीक पायरी युरोपात लागते. इथे ऐकायला २५ ची पुरते, बारीक पायरीसाठी जादा पैसे घालू नयेत.

वाचलेले पैसे एरियलवर घालावेत. संचासोबत येणारी रबरी शेपटी वीतभर असते, तर या पट्ट्यातली लहर सुमारे २.३६ मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा ५९ सेंटिमीटर. विजेच्या तारेचे साधारण ५६ सेंटिमीटरचे दोन तुकडे बांबूला एक वर, एक खाली असे उभे बांधून मधोमध केबल जोडली की उत्तम एरियल झाले. तुकडे उभेच हवेत, कारण विमानाची लहरही उभीच असते. एरियल कौलांच्या वर गेले पाहिजे, आणि पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाकली पाहिजे. यासाठी संचाला एरियल सुटे करण्याची सोय असावी. बीएनसी जोडणी फिरवून लगेच लागते आणि सुटते. ज्या रेडिओची दांडी अंगातच बसवलेली, तो घाटात नेला तरच खरा उपयोगी. आंबेनळी घाटात मोकळे वळण गाठले की साध्या रबरी शेपटीवरही आवाज स्वच्छ होतात. पाचशे मीटर वर चढणे हे कुठल्याही महागड्या संचापेक्षा भारी पडते.

जुलैत इथे रेडिओला पाणी लागणारच. आयपीएक्स७ असे लिहिलेला संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण बहुतेक स्कॅनर आणि प्रवासी रेडिओ या वर्गात बसत नाहीत. त्यांना प्लास्टिकची पिशवी हाच आयपीएक्स. बॅटरीच्या बाबतीत मात्र साधेपणा जिंकतो. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा महाड पाण्याखाली होते. वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. अशा वेळी खास चार्जरवरच चालणारा लिथियमचा संच एक-दोन दिवसांत निकामी होतो, तर पेन्सिल सेलवर चालणारा बीसी१२५एटी किराणा दुकानातल्या दोन सेलवर पुन्हा बोलू लागतो.

या मुलखात कमी उंचीवरून येतात ती हेलिकॉप्टरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेल्यावर नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे शोधासाठी आली होती. ३ मे २०२४ रोजी महाडमध्ये उतरताना एक खासगी हेलिकॉप्टर कोसळले. इथे विमानतळाचा मनोरा नाही. ३०० मीटरवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरचे रेडिओ क्षितिज सपाटीवर ७० किलोमीटर भरते, पण मधे एक डोंगर आला की पलीकडच्या वाडीत पात्यांची घरघर ऐकू येते आणि रेडिओ मुका राहतो. १२१.५ मेगाहर्ट्झ ही जगभरची आणीबाणीची वाहिनी. रेडिओत ती भरलेली असावी, पण तिच्यावर बहुतेक वेळा काहीच नसते.

शॉर्टवेव्हचा रेडिओ घेणाऱ्याला एक गोष्ट वरकड मिळते. अरबी समुद्रावर दूर गेलेली विमाने हवाई पट्ट्याच्या टप्प्याबाहेर जातात आणि लघुलहरींवर बोलतात. त्याच लहरींवर विमानतळांचे हवामान सांगणारी ‘मुंबई व्होल्मेट’ सेवा ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर आहे. ती ऐकायला संचात एसएसबी, म्हणजे एकाच बाजूपट्ट्याचे प्रक्षेपण उलगडण्याची सोय, लागते. ती नसेल तर आवाज बदकासारखा येतो. पीएल-६६० आणि डी-८०८ या दोन्हींत ती आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली येतात, म्हणून त्यांना प्रतापगड आडवा येत नाही. पोलादपूरच्या अंगणात दहा मीटर साधी तार टाकली तरी त्या पोहोचतात.