नर्सिंग होममधून स्वतःच्या घरी

आजच्या विषयातला पहिलाच शब्द फसवा आहे, तो आधी नीट समजून घेऊ. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. बाळंतपणाला जायचं, चार दिवसांनी घरी यायचं. अमेरिकेत मात्र ही दीर्घकाळ राहण्याची संस्था. तिथे वृद्ध असतातच, पण अपघातात पाठीचा कणा दुखावलेला तिशीतला तरुणही असू शकतो. रुग्णालयाची गरज त्याला उरलेली नसते. सकाळी उठवायला, आंघोळ घालायला एक माणूस हवा आणि चाकाची खुर्ची आत जाईल असं दार हवं, एवढीच त्याची गरज.

मग तो तिथेच का राहतो? उत्तर बरंचसं पैशाच्या वाटेत आहे. 1965 साली तिथे मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना आली. नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांवर बंधनकारक झालं. घरी येऊन दैनंदिन मदत करणाऱ्याचा खर्च बहुतांशी ऐच्छिक राहिला. 1981 पासून राज्यांना खास परवानगी घेऊन घरच्या सेवेवर खर्च करता येऊ लागला, पण तिथे जागा मोजक्या, प्रतीक्षायादी लांब. म्हणजे बघा, संस्थेतली खाट हक्काची आणि घरातली मदत नंबर लागला तर!

या व्यवस्थेला कायद्याचा धक्का बसला 1999 साली. जॉर्जिया राज्यातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रिया सरकारी मनोरुग्णालयात होत्या. त्या समाजात राहू शकतात असं उपचार करणाऱ्यांचंच मत होतं, तरी त्यांची सुटका होईना. 'ऑल्मस्टेड विरुद्ध एल. सी.' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, विनाकारण संस्थेत ठेवणं हा 1990 च्या अपंग हक्क कायद्याखाली भेदभावच आहे. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. त्यात तीन अटी आहेत: तज्ज्ञांना ते योग्य वाटावं, त्या व्यक्तीचा विरोध नसावा, आणि राज्याची साधनं व इतरांच्या गरजा पाहता ते वाजवीपणे शक्य असावं. खटला मनोरुग्णालयाचा, पण तत्त्व नर्सिंग होमलाही लागू होतं. पुढे लोइस कर्टिस चित्रकार झाल्या. 2011 मध्ये त्यांनी आपलं चित्र राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट दिलं.

निकाल लागला म्हणून घर मिळत नाही. 2005 च्या एका कायद्यातून 'मनी फॉलोज द पर्सन' ही योजना निघाली. नावातच सगळं आलं: पैसा खाटेला बांधलेला नको, माणसाच्या मागे जायला हवा. आजवर 1 लाखाहून अधिक लोक तिच्यामार्फत बाहेर पडले. पण अडचण कुठे येते? मेडिकेड मदतनिसाचे पैसे देतं, घरभाड्याचे नाही. नर्सिंग होममध्ये बहुतेक उत्पन्न संस्थेकडे जातं. हातखर्चाला केंद्राची किमान मर्यादा महिना 30 डॉलर. त्यातून घराची अनामत रक्कम कोण भरणार? भांडी, पलंग, विजेची जोडणी? म्हणून अशा योजनांतून हा एकदाचा खर्च देण्याची सोय झाली. भाड्यासाठी गृहनिर्माण खात्याचं अनुदान वेगळं मिळवावं लागतं, आणि तिथे पुन्हा रांग. ही जुळवाजुळव करायला 'इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर' असतात. 1972 मध्ये बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी असं केंद्र उभं केलं. आज कायद्यानेच या केंद्रांच्या संचालक मंडळावर अपंग व्यक्तींचं बहुमत लागतं, आणि 2014 पासून संस्थेतून बाहेर पडायला मदत करणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. कुणी म्हणेल, संस्थेत निदान सुरक्षित तर आहे. घरी पडला, झडला तर? ही काळजी खोटी नाही. मदतनीस आला नाही तर माणूस दिवसभर अंथरुणात अडकू शकतो. पण रॉबर्ट पर्स्के यांनी 1972 मध्ये एक विचार मांडला: धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. तुम्ही-आम्ही रस्ता ओलांडतो, उधार देतो, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवतो. चुकण्याची मुभा काढून घेतली की निर्णयही काढून घेतला जातो.

इथे आपली एक गल्लत होते. स्वातंत्र्य म्हणजे सगळं स्वतःच्या हातांनी करणं, असं आपण धरून चालतो. हातांनी करणं हे स्वावलंबन. काय, केव्हा, कुणाकडून करून घ्यायचं हे ठरवणं म्हणजे स्वायत्तता. शर्टाची बटणं दुसऱ्याने लावली तरी कोणता शर्ट घालायचा हे ठरवणारा माणूस स्वायत्तच असतो.

आणि आपल्याकडे? आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे, विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती नाही, व्यक्तिगत मदतीचाही उल्लेख आहे. पण घरोघरी पालक रात्री विचारतात ते वेगळंच: "आमच्या मागे याचं कोण?" या प्रश्नाला संस्था हे एकच उत्तर आपण ठेवलं, तर अमेरिकेची चूक आपण उशिराने करू. 'याचं कोण' याच्या जोडीला 'याला काय हवंय' हेही विचारायला हवं, आणि ते त्यालाच विचारायला हवं. पालक हयात असताना.