पसरणीचा घाट आणि एक खोटा होकार

गेल्या डिसेंबरात मी माझ्या मुलीशी खोटे बोललो. एका वाक्याचे खोटे होते. ते मागे घ्यायला मला अकरा महिने लागले, आणि पसरणीचा सगळा घाट सायकलवर चढावा लागला.

आम्ही वाईत राहतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वय 45. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितले, ‘‘सर, साखर अजून काठावर आहे. गोळी लांबवायची असेल तर रोज घाम काढा.’’ चालण्याचा मला कंटाळा. लहानपणी मात्र दळण, बाजार, शाळा सारे सायकलवरच केलेले. म्हणून पुण्याहून एक जुनी, गिअरची, बारीक टायरची सायकल आणली. आधी मेणवलीपर्यंत, मग धोमपर्यंत जाऊ लागलो. सपाट रस्त्यावर जमले आणि नजर घाटाकडे वळली.

वाईच्या माणसाला पसरणीचा घाट सांगावा लागत नाही, तो रोज समोर दिसतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शाहीर साबळे यांचे पसरणी गाव मागे पडले की रस्ता डोंगराला भिडतो आणि वळणे घेत पाचगणीला निघतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे, तर पाचगणी साधारण 1,300 मीटरवर. म्हणजे सुमारे 12 किलोमीटरच्या वाटेत 600 मीटर उंची गाठायची. सरासरी काढली तर दर 100 मीटर रस्त्याला 5 मीटर चढ. एस. टी.त बसून जाताना हा आकडा काहीच वाटत नाही. सायकलवर तो मांड्यांना कळतो.

गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा निघालो तो नवशिक्याच्या जोरात. पायथ्यालाच सायकल पळवली. अर्ध्या घाटात छाती भात्यासारखी उडू लागली, पाय थरथरले. एका कठड्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि सायकल उलटी फिरवली. उतरायला किती वेळ लागणार? दारात धाकटी उभी होती. ती आठवीत आहे. आमच्या घरात दखनी बोलतात. तिने विचारले, ‘‘अब्बू, ऊपर तक पोंचे क्या?’’

मी म्हणालो, ‘‘हां, पोंच गया.’’

का म्हणालो, हे आजही नीट सांगता येत नाही. तिचे डोळे चमकत होते, एवढेच आठवते. जेवताना तिने ते अम्मीला सांगितले, मग मामूंना फोनवर. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

फेब्रुवारीत तिच्या शाळेत निबंध होता, ‘माझे वडील’. तिने वही आणून दाखवली. ‘माझे अब्बू एकटे पसरणी घाट सायकलने चढून पाचगणीला गेले. ते हार मानत नाहीत.’ खाली लाल शाईत 10 पैकी 9 गुण आणि ‘छान!’ असा शेरा. मी वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासतो. कुणी शेजाऱ्याचे पाहून उत्तर लिहिले तर मला ओळीवरून कळते. त्या दिवशी माझे खोटे माझ्याच मुलीच्या अक्षरात, गुण मिळवून माझ्यासमोर आले होते.

तेव्हाच खरे सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्याऐवजी तयारीला लागलो.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले, ‘‘माझे काय चुकले?’’ त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. मी आणि सायकल मिळून 90 किलो. हे वजन 600 मीटर वर न्यायला सव्वापाच लाख ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते. शरीर खाल्लेल्या अन्नातला चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवते, बाकीची उष्णता होते. म्हणजे एका घाटाला 500 ते 600 कॅलरी. हे काम दीड तासात करायचे तर पायांनी सतत जवळजवळ 100 वॅट द्यायचे. ‘‘जुना शंभराचा पिवळा बल्ब आठवतो? तो दीड तास पायाने पेटता ठेवायचा,’’ सर म्हणाले. ‘‘तुम्ही पायथ्याला दोनशेचा पेटवलात, म्हणून अर्ध्यात विझलात.’’

दुसरी गोष्ट सायकल दुरुस्त करणाऱ्याने शिकवली. हलका गिअर पाय दमल्यावर टाकायचा नसतो, चढ सुरू होण्याआधीच टाकायचा. माझ्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला चाकाची साधारण एकच फेरी होते, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. मिनिटाला साठेक फेऱ्या मारल्या की ताशी सात-आठ किलोमीटर होतात. रस्त्याकडेने पळणारा माणूस पुढे निघून जाईल. जाऊ द्यावा.

डॉक्टरांकडून हृदयाची तपासणीही करून घेतली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने चढाला हात घालण्याआधी ती करावी.

नोव्हेंबरातला मंगळवार निवडला, शाळेला सुट्टी होती. शनिवार-रविवारी घाटात सहलीच्या गाड्यांची रांग असते. फजरची नमाज पढून, चार खजूर खाऊन निघालो. घरात एवढेच सांगितले, ‘‘घाटाकडे जाऊन येतो.’’ मागचा लाल दिवा लावला, दोन बाटल्या भरून घेतल्या.

पसरणीत उजाडू लागले होते. पहिल्या चढाआधीच हलका गिअर टाकला. लाज वाटावी इतके हळू चाललो होतो. हळूहळू वळणांची रीत समजली. घाटाचा रस्ता वळणे घेतो ते चढ लांबवून सौम्य करण्यासाठी, पण वळणाच्या आतल्या अंगाला तो एकदम उभा होतो. आपण डावीकडून चालणारी माणसे. त्यामुळे डावे वळण छातीवर येते, उजवे थोडी उसंत देते. समोरून गाडी उतरत असते, म्हणून सोपी बाजू शोधत रस्त्याच्या मध्ये जायचे नाही.

दोन भाषांच्या शिक्षकाला एकट्याने चढताना शब्दच सोबत करतात. ‘दम’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ श्वास. उर्दूत आहे, मराठीतही घरचा झाला आहे. मराठीने त्याचे किती संसार मांडले! दम लागतो, दम खातो, दम धरतो, अंगात दम असतो. मला वाटायचे की दम असलेल्याला दम लागत नाही. खरा क्रम वेगळा आहे. दम लागणारच. तो लागला की दम खायचा आणि दम धरायचा.

गेल्या वर्षीचा तो कठडा आला. तिथे थांबायचे नाही असे ठरवले होते, पण थांबलो. खाली वाई धुक्यात होती, धोम धरणाचे पाणी चकाकत होते. एका माकडाने माझ्या खजुराच्या पुडीकडे पाहिले. पाच मिनिटे दम खाल्ला आणि सायकल वरच्या दिशेलाच ठेवून पुन्हा बसलो.

पुढच्या उभ्या तुकड्यावर भाजीचा एक टेम्पो घरघरत माझ्या बरोबरीला आला. माझ्यापेक्षा जेमतेम वेगाने चालला होता. मागे बसलेला पोरगा ओरडला, ‘‘काका, धरा साखळी! नेतो वर!’’ साखळी हातभर अंतरावर लोंबत होती. पाय पेटले होते. रस्त्यावर दुसरे कुणी नव्हते. माझा डावा हात हँडलवरून सुटलाही होता.

आणि मला ती वही आठवली. वर पोहोचल्यावर मी पुन्हा ‘‘हां, पोंच गया’’ म्हणालो असतो, आणि ते पुन्हा अर्धेच खरे झाले असते. एकट्याच्या चढाला साक्षीदार नसतो. अल्लाह पाहतो आणि आपण जाणतो, बस. मी हात परत हँडलवर ठेवला. पोराला हसून ‘‘शुक्रिया’’ म्हटले. चालत्या गाडीला धरणे जिवावर बेतते, हेही खरे, पण त्या क्षणी मी जिवाचा विचार केला नव्हता.

त्यानंतर आणखी एकदा थांबलो. मग वळणे संपली, हवा गार झाली, दांडेघरचा नाका दिसला. घड्याळात पाहिले, एक तास 40 मिनिटे. टपरीवर बिनसाखरेचा चहा घेतला. फोटो काढला नाही.

उतरताना जाकीट घातले, कारण घामेजलेल्या अंगाला वारा बोचतो. ब्रेक सतत दाबून धरले तर चाकाची कड तापते, म्हणून दोन्ही ब्रेक थोडे दाबत, थोडे सोडत आलो.

धाकटी अंगणात होती. मी सायकल भिंतीला टेकवली, तिच्याजवळ बसलो आणि सांगितले. आज पोहोचलो. गेल्या वर्षी पोहोचलो नव्हतो, तुझ्याशी खोटे बोललो होतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन जुनी वही घेऊन आली. म्हणाली, ‘‘अब सच हो गया ना अब्बू?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तू लिहिलेस तेव्हा ते खोटे होते. आणि ते खोटे माझे होते, तुझे नाही.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘कितनी बार रुके?’’

‘‘दो बार.’’

तिने दप्तरातून पेन काढले आणि त्या लाल ‘छान!’च्या खाली आजची तारीख घालून लिहिले, ‘अब्बू आज पोहोचले. दोनदा थांबले.’