गप्प राहिलात म्हणजे होकार

असंख्य सर्व्हर ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, ते लिहिणारे अनेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. हुकूम सोडायला कोणी साहेब नाही. मग निर्णय होतात तरी कसे?

अपाचे या वेब सर्व्हरचं काम १९९५ मध्ये आठ जणांच्या गटानं सुरू केलं. अपाचेच्या प्रकल्पांत रुळलेली रीत मला फार विलक्षण वाटते. एखाद्यानं सांगायचं की मी अमुक बदल करतोय. मग साधारण ७२ तास वाट पाहायची, म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला ते वाचायला सवड मिळते. कोणी हरकत घेतली नाही, तर होकार धरून कामाला लागायचं. मत आकड्यात द्यायचं: +१, ० किंवा −१. कोणी −०.९ सुद्धा देतं. म्हणजे मला हे मुळीच पटत नाही, पण मी आडवा येणार नाही! आणि कोडमधल्या बदलाला पूर्ण −१ दिला की तो बदल अडतो. मात्र सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर तो नकार ग्राह्यच धरत नाहीत.

ही मौनाची सोय का लागते, ते १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पात दिसलं. संगणकाला ठरावीक सेकंद थांबायला सांगणाऱ्या 'स्लीप' या इवल्याशा आज्ञेला अपूर्णांक चालावेत का, यावर रण माजलं. विषय सोपा, म्हणून प्रत्येकाला मत! अवघड विषयात बोलायला अभ्यास लागतो, तिथे गर्दी आपोआप ओसरते.

याच्या उलट टोकाला गिट. लिनक्सच्या कोडची नोंद ठेवायला वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत सवलत २००५ मध्ये बंद झाली. ३ एप्रिलला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलपासून गिटच्या कोडची नोंद गिटमध्येच होऊ लागली. अवघे चार दिवस! आज गिटमध्ये कोणीही आपली वेगळी शाखा काढून बदल करून पाहतो. नाही जमला तर शाखा टाकून देतो. चूक इतकी स्वस्त झाल्यावर आधी वाद घालण्यापेक्षा करून दाखवणंच सोपं.

पण सगळंच टाकून देता येत नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकदा शिरलेली खूण लाखो ओळींत पसरते, मग ती काढणार कशी? म्हणूनच पायथनमध्ये ':=' ही खूण घ्यावी की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला. पायथनचे जनक गिडो व्हान रोसम यांनी खूण मंजूर केली, पण त्या वादानं ते इतके शिणले की जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून पायउतार झाले. अशा ठिकाणी चर्चेला लागणारा वेळ वाया जात नाही, असं माझं ठाम मत आहे. जे मागे घेता येतं ते करून पाहावं. जे घेता येत नाही त्यावर मनसोक्त भांडावं.

ती खूण ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथन ३.८ मधून आली. त्याआधीच कारभार पाच जणांच्या निवडून आलेल्या परिषदेकडे गेला होता, आणि आजही तो तिच्याकडेच आहे.