झाकली मूठ

मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका दुपारी आमच्या दारात एक माणूस आला. गळ्यात मण्यांच्या माळा, बोलणं अतिशय गोड. अम्मानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं एक नाणं मागितलं. तिनं डब्यातून तिच्या आईनं दिलेला चांदीचा कलदार रुपया काढून आणला. त्यानं तो मुठीत घेतला, फुंकर मारली, मूठ उघडली. रुपया नाही! मग तोच रुपया त्यानं माझ्या कानामागून काढून दिला. मी टाळ्या वाजवल्या. अम्मा थक्क झाली.

पुढचं बहुतेकांच्या लक्षात आलं असेल. बरकत येईल म्हणून त्यानं तिच्या कानांतल्या सोन्याच्या बाळ्या रुमालात बांधायला घेतल्या. पुरचुंडी तांदळाच्या डब्यात ठेवा, शुक्रवारपर्यंत उघडू नका, असं सांगून तो गेला. शुक्रवारी रुमालात दोन खडे निघाले. रुपया मात्र त्यानं परत दिला होता. विश्वास बसण्यासाठी तो परत देणं भागच होतं.

अब्बा काही बोलले नाहीत, पण नातेवाइकांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं चघळली. ‘तुझी आई फार भोळी’ हे वाक्य मी किती लग्नांत ऐकलं, त्याची गणती नाही. त्या दिवसानंतर घरातल्या कुठल्याही व्यवहारात अम्मानं स्वतःचं मत सांगणं सोडून दिलं.

पन्नाशी ओलांडल्यावर मी नाण्यांची जादू शिकायला बसलो, त्याचं कारण हे. मला जादूगार व्हायचं नव्हतं. त्या दुपारी नेमकं काय घडलं, ते मला हातानं समजून घ्यायचं होतं.

हातचलाखीला मोठी सामग्री लागत नाही. एक नाणं आणि एक आरसा पुरे. जगभरातले जादूगार सरावासाठी अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं पसंत करतात. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर. आपला जुना चांदीचा रुपया जवळजवळ तेवढाच, आणि वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. शिवाय त्याच्या कडेला बारीक दाते असतात, ते कातडीला धरून राहतात. आजचा रुपया या कामाला लहान पडतो. २०११ च्या मालिकेतलं नाणं २२ मिलिमीटरचं आहे. घरी प्रयत्न करायचा असेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या. ते २७ मिलिमीटरचं आहे.

पहिला धडा नाणं लपवण्याचा. त्याला ‘पाम’ करणं म्हणतात. आपला तळहात उघडून पाहा. अंगठ्याच्या बुडाशी एक मांसल उंचवटा आहे, करंगळीच्या बाजूला दुसरा. या दोन उंचवट्यांच्या मध्ये नाणं कडेनं धरून ठेवायचं, हा ‘क्लासिक पाम’. मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर नाणं ठेवा, बोटं दुमडून ते तळव्यात दाबा आणि बोटं पुन्हा सरळ करा. पहिले काही दिवस नाणं खाली पडतच राहतं. घरातले वैतागतात. मी पलंगावर बसून सराव केला, म्हणजे पडलेल्या नाण्याचा आवाज होत नाही. नवशिके एक चूक हमखास करतात. नाणं पडू नये म्हणून अंगठा आत ओढून हात आवळून धरतात, आणि तो हात लाकडासारखा दिसतो. खरं तर अगदी हलका दाब पुरतो. नाणं तळव्यात असताना कपबशी उचला, शर्टाची बटणं लावा, सही करा. हात विसरला की पाम जमला.

याहून सोपा ‘फिंगर पाम’. बोटं किंचित वाकवून त्यांच्या मुळाशी असलेल्या खळगीत नाणं ठेवायचं. हात खाली सोडला की आपली बोटं तशीही थोडी वाकलेलीच असतात. म्हणून कुणाला शंका येत नाही.

दुसरा धडा नाणं अदृश्य करण्याचा. यातली सर्वांत जुन्यांपैकी एक युक्ती म्हणजे ‘फ्रेंच ड्रॉप’. डावा तळवा वर करून नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांत कडेनं धरा. उजवा हात ते घ्यायला येतो. त्याचा अंगठा नाण्याखालून जातो, बोटं समोरून येतात. बोटांनी नाणं झाकलं की डाव्या अंगठ्याची पकड सैल करायची. नाणं डाव्याच हाताच्या बोटांवर अलगद पडतं. उजवा हात रिकामी मूठ मिटून पुढे निघतो. आणि इथेच खरी मेख आहे: आपली स्वतःची नजर त्या रिकाम्या मुठीबरोबर गेली पाहिजे. मूठ हळूहळू उघडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती तोवरच.

ही क्रिया जमावी कशी? आधी आरशासमोर नाणं खरोखर उजव्या हातात घ्या. वीस वेळा घ्या. आपला खांदा किती हलतो, डोळे कुठे जातात, ते पाहा. मग एकविसाव्या वेळी खोटं घ्या. खोटी कृती खऱ्यासारखी दिसली नाही, तर जादू फसते. विसाव्या शतकातले विख्यात जादूगार डाय व्हर्नन यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, की हात नैसर्गिक राहिले पाहिजेत. वेग कामाचा नाही. ‘हात डोळ्यांपेक्षा चपळ’ ही समजूत चुकीची आहे. घाईत हलणाऱ्या हाताकडेच तर माणूस आधी बघतो.

दोन नियम आणखी. काय होणार आहे, ते आधी सांगायचं नाही. आणि त्याच प्रेक्षकाला तीच जादू लगेच पुन्हा दाखवायची नाही. दुसऱ्यांदा त्याला माहीत असतं, कधी आणि कुठे बघायचं.

या कलेतली थोर माणसं साध्या कामांतून आलेली आहेत. अमेरिकेच्या आयोवा राज्यातले टी. नेल्सन डाउन्स हे रेल्वेत तारायंत्र चालवत. फावल्या वेळात नाणी हाताळता हाताळता ते ‘नाण्यांचा राजा’ म्हणून गाजले. हवेतून एकामागून एक नाणी खुडून काढायची आणि हॅटमध्ये टाकायची, हा त्यांचा ‘कंजुषाचं स्वप्न’ नावाचा प्रयोग. त्याआधी फ्रान्समध्ये रोबेर-उदँ हे घड्याळजी होते. पुढे हुदिनीनं स्वतःचं नाव त्यांच्याच नावावरून घेतलं. चालताना खिशात हात घालून ते नाण्यांचा सराव करत. १९५२ साली जे. बी. बोबो यांचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ हे पुस्तक आलं, आणि गुरू न मिळणाऱ्यांना गुरू मिळाला.

रोबेर-उदँ यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. १८५६ साली फ्रेंच सरकारनं त्यांना अल्जीरियात पाठवलं. तिथल्या मराबूत म्हणजे पीर-फकिरांचा लोकांवर पगडा होता. त्यापेक्षा मोठे चमत्कार दाखवून फ्रेंचांचा दरारा बसवायचा, हा हेतू. एक पेटी एका दणकट माणसाला उचलता येईना. मंचाखाली विद्युतचुंबक होता! एका भ्रमावर दुसऱ्या भ्रमानं मात केली, आणि फायदा राज्यकर्त्यांचा झाला. तळव्यातलं नाणं कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हाच शेवटी प्रश्न उरतो.

आपल्याकडे हा प्रश्न जुना नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी हे गावोगाव चमत्कार करून दाखवत आणि लगेच त्यामागची युक्ती सांगत. हवेतून अंगारा काढणारा बाबा आणि हवेतून नाणं काढणारा जादूगार यांचा हात एकच काम करत असतो. फरक एवढाच, की जादूगार आपल्याला फसवणार असल्याचं कबूल करूनच मंचावर येतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा ठरवला आहे.

पण फसणाऱ्याचं काय? तो मूर्खच असतो का? शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. १९०० साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांसमोर चेंडू वर उडवला, झेलला, पुन्हा उडवला. शेवटच्या वेळी फक्त हात उडवल्यासारखा केला. चेंडू उडवलाच नव्हता. बऱ्याच मुलांनी सांगितलं, की चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला आम्ही पाहिला! न गेलेला चेंडू त्यांना दिसला होता. २००५ साली गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर यांनी जादू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्रानं टिपली. युक्ती पकडणारे आणि न पकडणारे यांची नजर त्या क्षणी कुठे होती, यात खास फरक आढळला नाही. म्हणजे बघणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं. लक्ष एका वेळी थोडंच पाहतं. बाकीचं मन अनुभवावरून भरून काढतं. एरवी याच सवयीच्या जोरावर आपण रस्ता ओलांडतो, भाकरी थापतो, वाचतो. ती दोष नव्हे. निरोगी मन असंच चालतं.

हे कळलं तेव्हा मी तोच कलदार रुपया घेऊन अम्मासमोर बसलो. तिची नजर आता अधू झाली आहे, म्हणून उजेडात बसलो. फ्रेंच ड्रॉप केला. मूठ उघडली. ती काही वेळ माझ्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिली. मग मी दुसरा हात उघडला, आणि सगळी क्रिया सावकाश, एकेक बोट दाखवत केली.

‘‘म्हणजे मी नीट बघत होते, तरी दिसलं नसतं?’’ तिनं विचारलं.

‘‘कुणालाच दिसलं नसतं, अम्मा. अब्बांनासुद्धा नाही.’’

ती बराच वेळ गप्प होती. मग रुपया माझ्याकडे सरकवत म्हणाली, ‘‘पुन्हा कर.’’

तीच जादू त्याच माणसाला लगेच पुन्हा दाखवायची नाही, हा नियम मी वर सांगितलाच आहे. त्या दिवशी मी तो सात-आठ वेळा मोडला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)