डोळा धड, तरी नजर अधू

चार-पाच वर्षांच्या मुलाचा डोळा तपासतात. बुबुळ स्वच्छ, भिंग पारदर्शक, आतला पडदा निरोगी. नंबर काढून चष्मा दिला, तरी तक्त्यावरच्या खालच्या ओळी त्या डोळ्याला दिसत नाहीत. दुसऱ्या डोळ्याने मात्र तेच मूल सगळा तक्ता वाचून दाखवतं. हा ‘आळशी डोळा’, वैद्यकीय भाषेत ॲम्ब्लायोपिया. शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो आढळतो. लहानपणी त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळालं नाही, म्हणून त्या डोळ्याच्या वाट्याच्या जोडण्या मेंदूत कमकुवत झाल्या. पाहणं, ऐकणं, स्पर्श यांमुळे मेंदूची घडणच बदलते, हे विज्ञानाला बऱ्याच अंशी याच कोड्याचा माग काढताना कळलं.

मांजरीची पिल्लं

डेव्हिड ह्युबेल हे कॅनडात जन्मलेले आणि टॉर्स्टन वीझल हे स्वीडनचे. 1958 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघे एकत्र आले आणि लवकरच हार्वर्डला गेले. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रात बारीक तार सरकवून ते एकेका पेशीचे विद्युत संकेत टिपत. निरोगी मांजरात तिथल्या बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात.

मग त्यांनी नवजात पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी टाके घालून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्कादायक होते. बंद ठेवलेल्या डोळ्याच्या पडद्यात फारसा बिघाड नव्हता, पण दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. प्रौढ मांजराचा डोळा कितीतरी महिने बंद ठेवला, तरी असं काही झालं नाही. पिल्लांत मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्यांत तीन-चार दिवसांची बंदीही पुरेशी होती.

हे प्रयोग वाचताना जीव कळवळतो, आणि तो कळवळावाच. पण जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांची शस्त्रक्रिया लवकर करायला हवी, ही जाणीव त्यांच्यामुळे पक्की झाली. आज एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर तो बाळाच्या साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास काढायचा सल्ला देतात. ह्युबेल आणि वीझल यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं.

वापर आणि चढाओढ

यावरून कोणीही म्हणेल, न वापरलेली जोडणी मरते. पण दोघांनी पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिलं, तेव्हा उत्तर वेगळं आलं. आता दोन्ही डोळ्यांच्या जोडण्या जायला हव्या होत्या, पण निम्म्याहून अधिक पेशी दोन्ही डोळे उघडल्यावर प्रतिसाद देत होत्या. म्हणजे नुसता वापर थांबल्याने एवढं नुकसान होत नाही. शेजारी जोमात असेल तरच ते होतं. पडीक शेताचा बांध शेजारचा कसणारा कोरत जातो, तशी चालत्या डोळ्याची जोडणी बंद डोळ्याची जागा बळकावते.

तिरळेपणातही हेच घडतं. दोन्ही डोळे उघडे असतात, पण दोघांची चित्रं जुळत नाहीत. ह्युबेल आणि वीझल यांनी पिल्लांत मुद्दाम तिरळेपणा आणला, तेव्हा दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी फार थोड्या उरल्या. बाकीच्या एकेका डोळ्याच्या होऊन बसल्या. खोलीचा, अंतराचा नेमका अंदाज येण्यासाठी दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र करणाऱ्या पेशीच लागतात.

सायनॅप्सवर काय घडतं

दोन मेंदूपेशी जिथे एकमेकींशी बोलतात, ती जागा म्हणजे सायनॅप्स. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि दुसरी ते आपल्या ग्राहींवर, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांवर, झेलते. एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्यांच्यातली जोडणी मजबूत होत असावी, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडलं होतं. तेव्हा तो तर्क होता. 1973 मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये ल्योमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलं, की जलद विद्युत स्पंदांचा थोडा मारा केला, तर पुढे कित्येक तास तो सायनॅप्स अधिक जोरात काम करतो.

याची यंत्रणा मला निसर्गातल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक वाटते. ग्लुटामेट हे रसायन झेलणाऱ्या ग्राहींपैकी एका प्रकाराचं नाव एनएमडीए. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. नुसतं रसायन येऊन तो हटत नाही. त्याच क्षणी समोरची पेशीही उत्तेजित असेल, तरच तो बाजूला होतो आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, याची नोंद अशी एक रेणू घेतो. कॅल्शियम भराभर आणि भरपूर शिरलं, तर पेशी त्या सायनॅप्सवर एएमपीए नावाच्या दुसऱ्या ग्राहींची भर घालते आणि जोडणी बळकट होते. ते हळूहळू आणि थोडंच शिरलं, तर ग्राही काढून घेतले जातात आणि जोडणी दुबळी होते. धूसर डोळ्याकडून येणारे संकेत विस्कळीत असतात, त्यामुळे पेशीच्या चेतण्याशी त्यांची वेळ जुळत नाही आणि ते मागे पडतात.

पाठोपाठ रचनाही बदलते. पिल्लाचा डोळा काही दिवस बंद ठेवला, तरी त्याच्याकडून दृष्टिकेंद्रात पोचणाऱ्या तंतूंच्या फांद्या आखडतात, असं अँटोनिनी आणि स्ट्रायकर यांनी 1993 मध्ये दाखवलं. पुढे 2002 मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत दिसून आलं, की मिशा छाटल्या तर पेशींवरच्या सायनॅप्सच्या सूक्ष्म काट्यांची ये-जा वाढते. उंदीर मिशांनी जग चाचपतो, म्हणून मिशांचा अनुभव बदलला की त्या भागातली जुळणीही बदलते.

मुदत कोण ठरवतं

पिल्लांत दिसलेल्या या संवेदनशील काळाला निव्वळ वय जबाबदार नसतं. उत्तेजना आवरणाऱ्या पेशी पुरेशा तयार झाल्या की तो सुरू होतो, हे ताकाओ हेन्श यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. पुढे याच पेशींभोवती प्रथिनं आणि शर्करांची जाळी विणली जाते आणि बदलाला आळा बसतो. प्रौढ उंदरांत ही जाळी विकराने (एन्झाइमने) विरघळवली, तेव्हा बदलण्याची क्षमता काही अंशी परत आली. माणसावर हा उपाय आज उपलब्ध नाही.

उशिरा आलेली नजर

मुदत संपली की दार कायमचं बंद, असं मात्र नाही. आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं होतं: जन्मांध माणसाला अचानक दिसू लागलं, तर हाताने ओळखलेला गोल आणि घन तो नुसता पाहून ओळखेल का? एमआयटीचे पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून दिल्लीत जन्मजात अंधत्वावर शस्त्रक्रिया झालेल्या 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा घेतली. 2011 मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: लगेच ओळखता येत नाही. पण पुढे ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली, त्यांना काही दिवसांतच ते बरंच जमू लागलं. या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, पण माणसं आणि वस्तू ओळखायला ती शिकतात. म्हणून ‘आता वय गेलं’ म्हणत शस्त्रक्रिया नाकारणं मला अन्याय वाटतं.

पालकांनी काय करावं

आळशी डोळ्याचा उपचार साधा आहे: योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोजची दोन तासांची पट्टीही पुरते, असं चाचण्यांत दिसलं आहे. सातव्या वर्षाच्या आत सुरुवात झाली तर गुण अधिक येतो, नंतरही काही मुलांना फायदा होतो.

पण एका डोळ्याने नीट दिसत असल्याने मूल तक्रार करत नाही. म्हणून घरी एकेक डोळा झाकून पाहा. एक डोळा झाकल्यावर मूल कुरकुरत असेल, टीव्हीच्या फार जवळ जात असेल, डोळे तिरळे दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञ गाठा. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही थांबू नका. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि डोळे तपासले का, हे स्वतः विचारा.