मायक्रोकंट्रोलरमधील अनाहूत फंक्शन : एक विवेचन

कासारवाडीलगतच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या प्रेसच्या नियंत्रकात कळ न दाबता मोटर सुरू करणारे फंक्शन चालले, तर कामगाराची बोटे धोक्यात येतात. (त्यांचे रक्षण स्वतंत्र विद्युत अटकावानेच करावे, हे वेगळे सांगावयास नको.) विद्यार्थी मग त्या फंक्शनचीच ओळ न् ओळ तपासतो. पुष्कळदा त्यास कोणी बोलावलेलेच नसते! ८०५१ मध्ये परतीचा पत्ता दोन बाइटांत स्टॅकवर ठेवला जातो आणि स्टॅक वरच्या दिशेने वाढतो. एकात एक फंक्शने व त्यांवर इंटरप्ट आल्यास तो १२८ बाइटांच्या अंतर्गत रॅमपलीकडे जातो. तेथे लिहिलेला पत्ता नाहीसा होतो आणि परतीची आज्ञा प्रोसेसरला भलत्याच फंक्शनमध्ये नेते. म्हणून आरंभीच स्टॅकची रिकामी जागा एका ठरावीक मूल्याने भरावी व दोष उद्भवल्यावर ते कोठवर पुसले गेले, हे प्रथम पाहावे.