‘सेव्ह ड्राफ्ट’ केलेले रील नेमके कुठे राहते?

गणपतीच्या आरतीचे रील अर्धे तयार झाले आणि दारात पाहुणे आले. ‘सेव्ह ड्राफ्ट’वर बोट ठेवले की काम सुरक्षित झाले, असे वाटते. पण ते तितकेसे खरे नाही.

इन्स्टाग्रामवरचा रीलचा ड्राफ्ट कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे, तर त्याच फोनमध्ये साठवला जातो. त्यामुळे नव्या फोनवर तेच खाते उघडले, तरी तो दिसत नाही. ॲप अनइन्स्टॉल केले, तर ड्राफ्टही जातो. जागा मोकळी करण्यासाठी ॲप काढून पुन्हा टाकणाऱ्यांची मेहनत अशीच वाया जाते. जीमेलचे तसे नाही. अर्धवट मेल सर्व्हरवर राहतो, म्हणून तो फोनवर आणि संगणकावरही उघडतो.

मग काय करावे?

- लांब मजकूर आधी नोट्स ॲपमध्ये लिहावा.
- रील पोस्ट होईपर्यंत मूळ व्हिडिओ गॅलरीतून काढू नयेत.
- फोन बदलण्यापूर्वी ड्राफ्ट गॅलरीत डाउनलोड करावा. मात्र इन्स्टाग्रामवरून निवडलेले गाणे त्यात बहुधा येत नाही, म्हणून त्याचे नाव लिहून ठेवावे.